दहा तबकड्या

आवडत्या गायकाविषयी बोलू लागले म्हणजे भल्याभल्यांचा तोल सुटतो. एरवी बाजारात वांगी घेतानादेखील चार वेळा उलटसुलट पाहणारा गृहस्थ आपल्या गायकाचे मात्र सारेच गोड मानून घेतो, आणि कोणी दोष दाखविला तर त्याच्याशी भांडावयास उठतो. जन्मभर एकाच गायकावर जीव लावूनही ‘हे उत्तम, हे बरे, आणि हे नसते तरी चालले असते’ असे स्पष्ट सांगणारा रसिक विरळा. वाईच्या बाजारपेठेत साठ वर्षे घड्याळे दुरुस्त करणारे एक वृद्ध गृहस्थ असे विरळा रसिक होत. गावात सारे त्यांना ‘घड्याळजी’ म्हणूनच ओळखत. पंडित कुमार गंधर्व हे त्यांचे दैवत. परंतु दैवताच्या प्रसादातही खडा दाताखाली आला, तर तो ते निमूटपणे गिळीत नसत.

त्यांचे दुकान म्हणजे जेमतेम चार हात रुंदीचा गाळा. डोळ्याला भिंग लावून ते काम करीत, आणि भिंतीवरची वीस-पंचवीस घड्याळे एकाच वेळी टिकटिक करीत असत. परक्याला त्या गोंगाटात काहीच उमगले नसते. घड्याळजींना मात्र त्यांतले एखादे घड्याळ लंगडू लागले, तर मान वर न करता कळे. कानाची ही तयारी त्यांना पुढे गाणे ऐकताना उपयोगी पडली. ते स्वतः कधी गायिले नाहीत, कोणापाशी शिकले नाहीत. रागांची नावे त्यांना माहीत झाली तीदेखील तबकड्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून.

कुमार गंधर्वांचा स्वर त्यांनी प्रथम ऐकला तो दुकानात दुरुस्तीसाठी आलेल्या रेडिओवर. त्या वेळी ते सोळा-सतरा वर्षांचे उमेदवार होते. गाणे चालू होते आणि एकाएकी थांबले. पोराला वाटले, यंत्र पुन्हा बिघडले. त्याने पेटीवर एक चापट मारली. तोच पेटीतून एक उंच, धारदार स्वर असा काही निघाला, की त्याचा हात जागच्या जागी राहिला. यंत्र बिघडलेले नव्हते. गायकच क्षणभर थांबला होता. ‘गाण्यात न गाण्यालाही जागा असते, हे मला त्या चापटीने शिकविले,’ असे ते पुढे हसत हसत सांगत.

त्यानंतरच्या साठ-पासष्ट वर्षांत त्यांच्यापाशी कुमारांच्या शंभरावर तबकड्या आणि ध्वनिफिती जमल्या. यांतली प्रत्येक वस्तू कमाईतून चार पैसे बाजूस टाकून घेतलेली. कित्येकदा पुण्यास घड्याळाचे सुटे भाग आणण्यास म्हणून जावे, आणि भागांचे पैसे तबकडीत खर्च करून परत यावे, असेही घडे. मग घरी काय होई ते सांगावयास नको. परंतु अलीकडे गुडघे थकले, दुकान बंद झाले, आणि मुलाने त्यांना पुण्यास आपल्या बिऱ्हाडी नेण्याचे ठरविले. बिऱ्हाड तीन खोल्यांचे, माणसे पाच. मुलाने संकोचतच सांगितले, ‘बाबा, तुमच्यासाठी एक फळी रिकामी केली आहे. यंत्र ठेवून शेजारी दहाएक तबकड्या राहतील. त्याहून अधिक...’ बोलणे त्याने पुरे केले नाही. घड्याळजी म्हणाले, ‘दहा पुष्कळ झाल्या. बाकीच्या गावच्या वाचनालयाला देईन.’

म्हणावयास त्यांनी हे सहज म्हटले. पण शंभरांतून दहा निवडणे म्हणजे काय, हे निवडावयास बसल्यावरच कळते. दिवाळीच्या सुटीत वाईस आलेली त्यांची बारा वर्षांची नात मदतीस बसली. तिने वहीत आकडे घातले, एक ते दहा, आणि पुढच्या जागा मोकळ्या ठेवल्या.

‘आजोबा, पण हे सगळे गाणे आता फोनवर मिळते की! मग या जड वस्तू न्यायच्याच कशाला?’ असे तिने आरंभीच विचारले.

‘मिळते ना. मीही ऐकतो, आणि खरे सांगायचे तर फोनवर खरखर पुष्कळ कमी असते. पण नदीला पाणी आहे म्हणून घरात कळशी ठेवायची नाही का, बाळ?’

नातीने पहिलीच तबकडी यंत्रावर ठेवली, तर आजोबांनी सुई टेकू दिली नाही. आधी तबकडीच्या कडेला कागदाचा एक लहानसा तुकडा चिकटवून त्यांनी मनगटावरचे घड्याळ पुढे धरले आणि तिला फेरे मोजावयास सांगितले. मोठी तबकडी मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते. म्हणजे तीन मिनिटांत बरोबर शंभर. नातीच्या मोजणीत एकशे दोन भरले. घड्याळजींनी यंत्राखालचा स्क्रू किंचित फिरविला आणि पुन्हा मोजावयास लावले. फेरे वाढले की स्वर चढतो, कमी झाले की उतरतो; आणि ज्या गायकाने तंबोरे जुळविण्यात जन्माचा एवढा वेळ वेचला, त्याचा षड्ज आपल्या आळसाने केसभरही हलविणे घड्याळजींना चोरीसारखे वाटे. चावीच्या जुन्या यंत्रांवर हा घोटाळा नेहमीच होई. कमान सैल पडत जाई तसा गायक हळूहळू झोपी गेल्यासारखा गाऊ लागे. त्या जुन्या लाखेच्या तबकड्या मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेत, आणि त्यांच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. राग, बंदिश, ताना, सारे काही त्या तीन मिनिटांत उरकावे लागे.

आणि गंमत अशी, की त्याच तीन मिनिटांच्या तबकड्यांनी कुमार गंधर्वांना घडविले होते. बेळगावजवळच्या सुळेभावी या गावी ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मलेला शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी हा मुलगा थोर गवयांच्या तबकड्या ऐकून त्या हुबेहूब गाऊन दाखवी. मोठ्या माणसांनी तोंडात बोट घालावे अशी ती नक्कल असे. ‘कुमार गंधर्व’ हे नाव त्याला लहानपणीच एका मठाच्या स्वामींनी दिले. पुढे अकरा-बारा वर्षांचा असताना तो मुंबईस प्रोफेसर बा. र. देवधर यांच्या विद्यालयात शिकावयास आला.

‘म्हणजे माझ्याएवढा असताना?’ नातीने विचारले.

‘तुझ्याएवढाच. पण विचार कर, ज्याला दुसऱ्याचे गाणे इतके बेमालूम गाता येते, त्याला स्वतःचे गाणे शोधायची गरज का वाटावी? लोक तर टाळ्या देतच होते.’

या प्रश्नाचे उत्तर त्यांनी लगेच दिले नाही. निवडलेली पहिली तबकडी मात्र त्या उत्तराकडेच नेणारी होती. ती कबीराच्या निर्गुणी भजनांची होती. तिच्याविषयी घड्याळजींच्या मनात किंचितही शंका नव्हती. वहीतला पहिला आकडा त्यांनी न ऐकताच भरावयास सांगितला.

ही भजने समजावयाची तर देवासची हकिगत ठाऊक असावी लागते. तारुण्याच्या ऐन भरात, कीर्ती दाराशी चालत आलेली असताना, कुमार गंधर्वांना क्षयाने गाठले. मुंबईची दमट हवा सोडून कोरड्या हवेत राहावे असे डॉक्टरांनी सांगितले, म्हणून ते १९४८ साली माळव्यातील देवास या गावी राहावयास गेले. फुप्फुसावर ताण पडू नये यासाठी गाणे वर्ज्य झाले. गवयाला गाणे वर्ज्य! पत्नी भानुमती यांनी त्यांची अहोरात्र शुश्रूषा केली. क्षयावर गुणकारी असे स्ट्रेप्टोमायसीन हे औषध तोवर निघाले होते. त्याने ते वाचले. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा लोकांसमोर गावयास बसले. परंतु एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले होते ते तसेच राहिले.

ती पाच-सहा वर्षे मुकी गेली खरी, पण बहिरी गेली नाहीत. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या कानांवर माळव्यातल्या बायकांची गाणी पडत. लग्नाची, पावसाची, सणांची. फिरस्ते नाथपंथी साधू एकतारीवर कबीराची पदे म्हणत जात. त्या गाण्यांना कोणी शास्त्र म्हणत नव्हते. कुमारांनी मात्र त्या धुना टिपून घेतल्या, त्यांच्या पोटात रागांची बीजे आहेत हे ओळखले, आणि त्यांतून नवे राग उभे केले. त्यांना ते ‘धुनउगम राग’ म्हणत. त्यांच्या रचनांचा ‘अनूपरागविलास’ हा ग्रंथ मुंबईच्या मौज प्रकाशनाने १९६५ साली प्रसिद्ध केला.

‘आता तुझ्या मघाच्या प्रश्नाचे उत्तर सांगतो,’ आजोबा म्हणाले. वस्तुतः प्रश्न त्यांचाच होता. ‘नक्कल करायला दुसऱ्याचा आवाज चालतो, पण दुसऱ्याचा श्वास चालत नाही. यांचा श्वासच बदलला. मग जुने गाणे गळ्यात बसेना. ज्यांच्यापाशी उरलेच थोडे, त्यांना प्रत्येक स्वर मोजून खर्च करावा लागतो. या भजनांत बघ, एक स्वर फुकट गेलेला नाही.’

या मुद्द्यावर घड्याळजींचे एका शेजाऱ्याशी जुने वैर होते. वैर म्हणजे चहाच्या पेल्याबरोबर रोज नव्याने घालावयाचे. हे शेजारी कापडाचे दुकानदार, आणि पंडित भीमसेन जोशी यांचे कट्टर भक्त. आवराआवर ऐकून तेही येऊन बसले होते. ‘अहो घड्याळजी, आमच्या भीमसेनांची तान म्हणजे कृष्णेचा पूर! तुमचे कुमार चिमणीने पाणी प्यावे तसे घोट घोट गातात. दम पुरत नाही म्हणून तोडून गातात, आणि तुम्ही लोक त्याला कला म्हणता!’ हे वाक्य त्यांनी गेल्या चाळीस वर्षांत किती वेळा उच्चारले असेल, त्याची गणती नाही. घड्याळजी भीमसेनांचा पूर मान्य करीत. दोघेही गायक कर्नाटकातले, वयात अंतर अवघे दोन वर्षांचे, आणि दोघांनाही महाराष्ट्राने उराशी धरले. यांत थोरलेधाकटे करावयाचे कारणच काय, असे त्यांचे म्हणणे. पण दमाचा मुद्दा त्यांनी कधीही मान्य केला नाही. ‘दम पुरत नाही म्हणून थांबणारा माणूस कोठेही थांबेल,’ ते म्हणत. ‘हे नेमके तेथेच थांबतात, जेथे पुढचा स्वर तुमच्या मनात आधीच वाजू लागतो. लंगडणारे घड्याळ आणि ठरवून ठोके देणारे घड्याळ यांतला फरक मला कळतो, शेठ. तो माझा धंदा आहे.’

कापडवाले यावर काही बोलले नाहीत. पेला मात्र पुढे केला.

दुसरी जागा ‘त्रिवेणी’ने घेतली. कबीर, सूरदास आणि मीराबाई या तिघांची पदे तीत आहेत. येथे घड्याळजींचा चोखंदळपणा दिसून आला. ‘कबीर सोळा आणे, मीरा चौदा आणे, सूरदास बारा आणे,’ असा त्यांचा हिशेब. सूरदासाच्या पदांतला बाळकृष्णाचा लाडिकपणा कुमारांच्या गळ्याला तितकासा मानवत नाही, असे त्यांना वाटे. एकटेपणाचे, आकाशाकडे पाहणारे पद आले की तो गळा उजळतो. घरात, अंगणात तो जरा संकोचतो. हे मत सर्वांस पटेल असे नाही. नातीला तर मीरेचीच पदे सर्वांत आवडली, आणि तिने वहीत ‘चौदा आणे’ असे लिहिण्यास साफ नकार दिला. आणे म्हणजे काय, हेच तिला ठाऊक नव्हते.

‘गीतवर्षा’ हा कुमारांनी पावसाळ्यावर रचलेला कार्यक्रम. त्यात मल्हाराचे प्रकार आहेत आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून माळव्याची लोकगीतेही बसली आहेत. त्याच्या ध्वनिफितीला तिसरा आकडा मिळाला. दरबारी मल्हार ऐकावा आणि लगेच शेतातल्या बायांचे गाणे यावे, आणि दोहोंत ओळख असल्यासारखे वाटावे, हा अनुभव घड्याळजींना फार मोलाचा वाटे. मृगाच्या पहिल्या सरीला ते दुकानाची फळी अर्धी ओढून ही फीत लावीत. गिऱ्हाईक भिजत उभे राहिले तरी दुसरी बाजू संपेपर्यंत घड्याळ हातात घेत नसत. धंद्याच्या दृष्टीने हे शहाणपणाचे नव्हते.

रागदारीच्या तबकड्यांपाशी गाडी अडली. त्यांची संख्याच मोठी. मोठ्या तबकडीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळतात. पुष्कळ गवयांना ही अवधी अपुरी पडते. आलाप रंगू लागतो न लागतो तोच सुई मधल्या चिठ्ठीशी येऊन भिडते. कुमारांना मात्र ती पुरते, असे घड्याळजींचे निरीक्षण होते. ते रागाच्या घराचे प्रत्येक दार उघडून दाखवीत बसत नाहीत. एक खिडकी उघडतात, पण तिच्यातून सारे घर दिसते. ‘लगनगंधार’ या त्यांच्या स्वतःच्या रागात दोन्ही गंधार असे काही शेजारी शेजारी येतात, की ऐकणाऱ्याला जिना उतरताना एक पायरी चुकल्यासारखे होते. आणि ती चूक नसून तीच तर गंमत आहे, हे पुढच्या क्षणी कळते. ‘लगनगंधार’ घेतला. ‘अहिमोहिनी’ घेतला, नावातच गारुड्याची पुंगी आहे, आणि नात तो ऐकताना खरोखरच डोलू लागली होती. भूप, श्री, मालकंस घेतले. या जुन्या, साऱ्यांच्या ओळखीच्या रागांत गायक नवा दिसतो की नाही यावरून त्याची पारख होते, म्हणून ते घ्यावयासच हवेत, असे आजोबांनी बजाविले. या तिन्ही तबकड्यांत वसंतराव आचरेकरांचा तबला कसा वाजतो याकडे त्यांनी नातीचे लक्ष वेधले. बोटांत सामर्थ्य असूनही तो माणूस ठेका सोडून पुढे येत नाही. गायकाला विसावावयाला ओटा हवा असतो, तो नीट बांधून देतो आणि बाजूला होतो.

मात्र ‘गांधी मल्हार’ बाजूला राहिला. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने कुमारांनी हा राग रचला. त्यामागची भावना थोर. पण राग अजून कलमाच्या झाडासारखा वाटतो, बांधलेली सुतळी दिसते, असे म्हणून घड्याळजींनी तो वाचनालयाच्या गठ्ठ्यात ठेवला. कुमारांच्या निधनानंतर, म्हणजे १२ जानेवारी १९९२ नंतर, खाजगी मैफलींची जी ध्वनिमुद्रणे एकामागून एक बाहेर आली, त्यांतली पुष्कळशी त्याच गठ्ठ्यात गेली. त्यांविषयी ते जरा कडकच बोलले. ‘मैफलीत आवाज थकला असला तरी समोरचा माणूस दिसत असतो, म्हणून ते थकणेही आपण प्रेमाने ऐकतो. तबकडीत नुसते थकणेच उरते. एखाद्याच्या घरी तो अंघोळीहून यायच्या आत शिरावे, तसे वाटते मला.’ तथापि अशा एका मुद्रणात, श्रोत्यांतून कोणी तरी ‘वाऽ’ म्हणतो आणि गायक त्या ‘वाऽ’लाच जणू स्वर समजून पुढे उचलतो. ते एक त्यांनी ठेवून घेतले. नऊ झाल्या.

दहावी जागा बहुतेक ठरलेलीच होती. ‘मला उमजलेले बालगंधर्व’ ही ती तबकडी. नटसम्राट बालगंधर्वांच्या नाट्यपदांचे वेड महाराष्ट्राला किती होते, हे आजच्या मुलांना सांगून कळणार नाही. त्यांची पदे दुसऱ्या कोणी निराळ्या ढंगाने गावी, हे जुन्या लोकांना मंदिरातली मूर्ती हलविण्यासारखे वाटे. कुमारांनी ती गायिली. नक्कल करण्याचे सामर्थ्य लहानपणापासून अंगी असतानाही नक्कल न करता गायिली. शीर्षकातला ‘मला उमजलेले’ हा शब्द घड्याळजींना सर्वांहून आवडे. जो लहानपणी दुसऱ्याचे जसेच्या तसे गाई, तोच पन्नाशीकडे झुकताना म्हणतो की हे बालगंधर्व नव्हेत, हे मला उमजलेले बालगंधर्व आहेत. त्यांच्या मते कुमारांचे सारे आयुष्य या दोन शब्दांत होते. ही तबकडी त्यांनी इतक्यांदा ऐकली होती, की कोठे सुई किंचित खरखरते हेही त्यांना पाठ होते.

नातीने दहाचा आकडा गिरविला आणि नाव लिहिण्यासाठी लेखणी टेकविली. तेवढ्यात खोक्याच्या तळाशी तिला एक वीतभर रुंदीची लहानशी तबकडी सापडली. वेष्टन जागोजाग फाटलेले, चिकटपट्टीने जोडलेले. ‘देव दीनाघरी धावला’ या बाळ कोल्हटकरांच्या नाटकातले, वसंत देसाईंनी स्वर दिलेले, कुमार गंधर्व आणि वाणी जयराम यांनी गायिलेले ते द्वंद्वगीत. ते गाणे ज्याने कधी ऐकले नाही असे मराठी घर क्वचितच सापडेल.

‘आजोबा, ही तर मला येते! ही का नाही घेतली?’

घड्याळजींनी ती हातात घेतली. या गाण्याविषयी त्यांचे मत कधीच फारसे अनुकूल नव्हते. गोड आहे, पण ज्याने निर्गुणी भजने गायिली त्याच्या गळ्याला ते दोन बोटे तोकडे पडते, असे ते म्हणत. आणि हे जेव्हा जेव्हा ते म्हणत, तेव्हा तेव्हा आतून भांड्यांचा आवाज जरा मोठ्याने येई. कारण ही तबकडी नातीच्या आजीची होती. त्या घरात कुमार गंधर्वांच्या शंभर तबकड्या आल्या, त्यांतली एवढी एकच तिने स्वतः, भिशीच्या पैशांतून आणली होती. दुपारी दुकान चालू असताना ती घरी एकटीच ती लावी. एके ठिकाणी चरा पडला होता. तेथे आले की एकच शब्द पुनःपुन्हा वाजे. मग ती हात पुसत येई, सुईला बोटाने हलकासा धक्का देई आणि पुन्हा कामाला लागे. घड्याळजींनी कैकदा नवी आणून देतो म्हटले. ‘नको. चऱ्याची सवय झाली आहे,’ असे तिचे उत्तर ठरलेले. तिला जाऊन चार वर्षे झाली होती.

नातीने ती यंत्रावर ठेवली. लहान तबकडीचा वेग निराळा, म्हणून आजोबांनी कळ फिरविली; फेरे मोजले नाहीत. गाणे सुरू झाले. चऱ्यापाशी सुई अडकली, तसा घड्याळजींचा हात आपोआप पुढे झाला; परंतु त्यांनी धक्का दिला नाही. तोच एक शब्द तीन वेळा, चार वेळा, पाच वेळा वाजू दिला. मग बोट लावले.

गाणे संपल्यावर कापडवाले घसा खाकरून म्हणाले, ‘घड्याळजी, आज तरी म्हणा चांगले आहे म्हणून.’

‘चांगले आहे. पण गाणे म्हणून त्या नवांच्या पंक्तीला बसत नाही. हे मी तिलाही सांगत असे, आणि आता ती नाही म्हणून उलटे सांगितले तर तिला आवडणार नाही.’

नातीला एक युक्ती सुचली. ‘ही केवढीशी आहे! त्या मोठ्या तबकडीच्या वेष्टनात सहज राहील. मग अकरा झाल्या तरी बाबांना कळणारसुद्धा नाही.’

‘चोरून न्यायची नाही,’ आजोबा म्हणाले. ‘न्यायची तर तिला तिची जागा देऊन न्यायची.’

ते थोडा वेळ ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हातात धरून बसले. मग त्यांनी डोळे मिटले, आणि ओठ न हलविता, बोटांनी मांडीवर ताल धरून, पहिल्या बाजूची सुरुवात मनात ऐकून पाहिली. कापडवाले आणि नात दोघेही गप्प राहिली. बराच वेळाने त्यांनी डोळे उघडले. ‘ही सगळी येथे आहे, खरखरीसकट,’ असे कपाळाला बोट लावून ते म्हणाले, आणि ती मोठी तबकडी त्यांनी वाचनालयाच्या गठ्ठ्यावर सर्वांत वर ठेवली; म्हणजे उघडणाऱ्याच्या हाती पहिल्याने तीच लागावी.

नातीने वहीत दहाच्या आकड्यापुढे लहान तबकडीचे नाव लिहिले. त्यापुढे कंसात ‘आजीची’ असे लिहून तिने विचारले, ‘आजोबा, किती आणे लिहू?’

‘आणे नको लिहूस,’ घड्याळजी म्हणाले, आणि चिकटपट्टी कोठे ठेवली आहे ते शोधू लागले. वेष्टनाचा एक कोपरा पुन्हा उकलला होता.